निर्बंधांचा धाक दाखवून गाझातली माणसं दुसऱ्या देशांवर लादता येतील का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: अरब देश पॅलेस्टिनी जनतेच्या बाजूने ठराव करतात, भाषणं करतात, पण गाझातून विस्थापित झालेल्यांना घ्या म्हटलं की इजिप्त आणि जॉर्डन दोघंही हात वर करतात. मग अमेरिकेने, किंवा सगळ्या बड्या देशांनी मिळून, त्यांच्यावर आर्थिक निर्बंध का घालू नयेत? इराणला, रशियाला जेरीस आणायला निर्बंध चालतात, तर इथे का नाही?

मी गेली बावीस वर्षं बँकांमध्ये निर्बंध-तपासणीचं काम करते, आधी मुंबईत आणि नंतर दुबईत. कुठलं पेमेंट जाऊ द्यायचं, कुठलं अडवायचं, एखाद्या नावावर ‘हिट’ आला तर तो माणूस खरंच निर्बंधांच्या यादीतला आहे की नुसतं नावात साम्य आहे, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. निर्बंधांना माझा सरसकट विरोध नाही. काही दुखण्यांवर ते लागू पडतात. या दुखण्यावर ते लागू पडणार नाहीत. आणि जिथे पडतील तिथे आज आहे त्याहून वाईट घडेल, असं माझं मत आहे. का, ते जरा सविस्तर सांगते.

निर्बंध यशस्वी व्हायचे तर समोरच्या सरकारकडे अशी गोष्ट मागावी लागते जी त्याच्या हातात आहे. ती दिल्याने होणारं नुकसान निर्बंध सोसण्यापेक्षा कमी असावं लागतं. आणि दिली की दबाव उठेल, असा त्या सरकारला भरवसा वाटावा लागतो. २६ जानेवारी २०२५ ला कोलंबियाच्या बाबतीत हे तिन्ही जुळून आलं. राष्ट्राध्यक्ष पेत्रो यांनी हद्दपार नागरिकांना घेऊन येणारी अमेरिकी लष्करी विमानं उतरू दिली नाहीत. त्यावर ट्रम्प यांनी २५ टक्के आयात शुल्क, व्हिसाबंदी आणि बँकिंग निर्बंध जाहीर केले, आणि त्याच रात्री कोलंबिया नमलं. पॅलेस्टिनींबद्दल हा प्रश्न विचारणाऱ्या अनेकांच्या मनात हेच उदाहरण असतं.

पण त्या विमानांत कोलंबियाचेच नागरिक होते. आपल्या नागरिकाला परत घेणं हे प्रत्येक देशाचं कर्तव्य आहे, याबद्दल आंतरराष्ट्रीय कायद्यात वाद नाही. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात तर जे देश आपली माणसं परत घेत नाहीत त्यांचे व्हिसा थांबवायची तरतूदच आहे, आणि २००१ मध्ये ती गयानावर वापरलीही गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये १०४ भारतीयांना घेऊन लष्करी विमान अमृतसरला उतरलं, तेव्हा त्यांना बेड्या घालण्यावरून आपल्याकडे संताप झाला आणि तो योग्यच होता. पण ‘ही आमची माणसं नाहीत’ असं भारत म्हणू शकत नव्हता. गाझातला माणूस इजिप्तचा नागरिक नाही, जॉर्डनचाही नाही. त्याला कायमचं ठेवून घेण्याचं कर्तव्य त्यांच्यावर कुठल्याच कायद्याने येत नाही. म्हणजे इथे निर्बंध कुठल्या नियमभंगाबद्दल लावायचे, हे आदेशात लिहायला बसलं तर पहिल्याच ओळीला पेन थांबेल.

हा विचार कुणी केलाच नाही असं नाही. जानेवारी २०२५ च्या अखेरीस ट्रम्प यांनी इजिप्त आणि जॉर्डनने गाझातली माणसं घ्यावीत असं बोलून दाखवलं. ४ फेब्रुवारीला नेतान्याहू शेजारी असताना अमेरिका गाझा ताब्यात घेईल असं जाहीर केलं आणि १० फेब्रुवारीला या दोन देशांची मदत रोखली जाऊ शकते असा इशारा दिला. दुसऱ्याच दिवशी जॉर्डनचे राजे अब्दुल्ला व्हाइट हाउसमध्ये होते. त्यांनी दोन हजार आजारी मुलांना उपचारांसाठी न्यायची तयारी दाखवली, त्यापलीकडे काही मान्य केलं नाही. ट्रम्पही त्या बैठकीत मदतीच्या धमकीची गरज नाही असं म्हणाले. ४ मार्चला कैरोत अरब लीगने गाझाच्या लोकांना गाझातच ठेवून पुनर्बांधणी करायची ५३ अब्ज डॉलरची इजिप्तची योजना स्वीकारली.

धमकी एवढ्या लवकर का विरली, हे आकड्यांवरून कळतं. अमेरिका इजिप्तला दरवर्षी सुमारे १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत देते. जॉर्डनबरोबर २०२२ मध्ये झालेल्या करारानुसार वर्षाला १.४५ अब्ज डॉलर द्यायचे ठरले. हे दान नाही. १९७९ चा इजिप्त-इस्रायल करार आणि १९९४ चा जॉर्डन-इस्रायल करार टिकून राहावेत म्हणून मोजलेली ती किंमत आहे. ती बंद केली की पहिला धक्का त्या दोन करारांना, म्हणजे इस्रायलच्याच दोन सर्वांत लांब आणि शांत सीमांना बसतो. सुएझ कालवा ज्याच्या हातात आहे त्या देशाची बँकव्यवस्था डॉलरपासून तोडायची, तर मालवाहतुकीच्या विम्यापासून गव्हाच्या पेमेंटपर्यंत काय काय अडेल, याचा हिशोब माझ्यासारख्या माणसाला झोपेतही करता येतो. सुरक्षा परिषदेतून असे निर्बंध मंजूर होणं शक्यच नाही. एकट्या अमेरिकेने घालायचे, तर ते आपल्याच दोस्तांवर घालावे लागतील.

मोठी अडचण मात्र पैशांपलीकडची आहे. जॉर्डनने दारं लावून घेतली, असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टिनी निर्वासित संस्थेकडे, म्हणजे उनर्वाकडे, नोंद असलेल्यांपैकी वीस लाखांहून जास्त निर्वासित एकट्या जॉर्डनमध्ये आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याने नागरिकत्वही दिलं आहे. १९९१ मध्ये कुवेतमधून बाहेर पडलेले सुमारे तीन लाख पॅलेस्टिनी जॉर्डनमध्येच आले. नंतर इराकी आले, सीरियन आले. १९९० मध्ये कुवेतमध्ये अडकलेल्या सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना एअर इंडियाने मायदेशी आणलं तेही बहुतांश अम्मानवरून. कुवेतहून परतलेली जी मराठी कुटुंबं तेव्हाच्या आठवणी सांगतात, त्यांच्या तोंडी अम्मानचं नाव येतंच. असा देश ‘आता नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जॉर्डनचं सैन्य आणि पॅलेस्टिनी सशस्त्र गट यांच्यातलं १९७० चं यादवी युद्ध असतं. ‘जॉर्डन हाच पॅलेस्टाइन’ ही इस्रायलमधल्या काही राजकारण्यांची जुनी घोषणाही असते. गाझा आज रिकामी झाली तर उद्या वेस्ट बँकेतले लोक जॉर्डन नदीपलीकडे ढकलले जातील, ही भीती अम्मानमधल्या टॅक्सीवाल्यालाही आहे. जानेवारी २०२५ पासून वेस्ट बँकेतल्या जेनिन, तुल्कर्म आणि नूर शम्सच्या छावण्यांतून चाळीस हजारांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. ती भीती हवेतली नाही. राजाला निर्बंध सोसणं परवडेल, सिंहासन गमावणं परवडणार नाही. इजिप्तचंही तसंच. राष्ट्राध्यक्ष सिसी यांनी ऑक्टोबर २०२३ मध्येच सांगितलं होतं की लोक गाझाला लागून असलेल्या इजिप्तच्या सिनाईत आणले तर तिथून हल्ले होतील, इस्रायल सिनाईवर प्रत्युत्तर देईल आणि कराराचा बोऱ्या वाजेल. हे सगळं किमतीच्या पारड्यात टाका. निर्बंधांचं पारडं कधीच खाली जात नाही.

आणि ज्यांना हलवायचं, त्यांना कुणी विचारलं आहे का? हा प्रयोग एकदा झालेला आहे, तोही काठीने नाही तर पैशाने. १९५३ मध्ये उनर्वा आणि इजिप्त सरकार यांच्यात गाझातल्या निर्वासितांना वायव्य सिनाईत वसवायचं ठरलं. नाईलचं पाणी सुएझ कालव्यापलीकडे नेऊन तिथे शेती उभी करायची होती. त्यामागे अमेरिकेचा पाठिंबा होता. १९५५ च्या मार्चमध्ये गाझात लोक रस्त्यावर उतरले. कवी आणि शिक्षक मुईन बसीसो त्या आंदोलनाच्या पुढाऱ्यांत होते. तुरुंगवास झाले, माणसं मेली, आणि योजना गुंडाळावी लागली. ही माणसं तेव्हा छावण्यांत राहत होती, घर सोडून त्यांना सातच वर्षं झाली होती. तरी बागायती जमिनीचं आश्वासन त्यांनी झुगारलं. सत्तर वर्षांनी, २७ जानेवारी २०२५ ला उत्तर गाझाकडे जाणारा नेत्झारिमचा रस्ता उघडला तेव्हा लाखो लोक किनाऱ्याकडेने उत्तरेला चालत निघाले, गाद्या डोक्यावर, म्हातारी माणसं हातगाडीवर. घर उरलेलं नाही हे बहुतेकांना ठाऊक होतं. ते त्या ढिगाऱ्याकडेच चालले होते.

इथपर्यंत ‘चालणार नाही’ हे सांगितलं. आता ‘चालेल’ ती बाजू, जिने माझी झोप उडते. ५ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने दक्षिण सुदानच्या सगळ्या नागरिकांचे व्हिसा एका फटक्यात रद्द केले, कारण हद्दपार केलेला एक माणूस त्या देशाने परत पाठवला होता. दक्षिण सुदानचं म्हणणं होतं की हा माणूस आमचा नाही, काँगोचा आहे. काही दिवसांत त्यांनी त्याला घेतलं. जुलैमध्ये अमेरिकेने तिथे आठ जण पाठवले. त्यांत दक्षिण सुदानचा एकच होता, बाकी क्यूबा, लाओस, मेक्सिको, म्यानमार, व्हिएतनाम अशा देशांचे होते. पुढे गाझातल्या लोकांना दक्षिण सुदानमध्ये वसवण्याच्या बातम्या आल्या, तेव्हा त्या सरकारने इन्कार केला. पण पायंडा पडला आहे. व्हिसाच्या दबावाखाली, आपला नागरिक नसलेला माणूस एका देशाने ठेवून घेतला. जो देश यादवीने खिळखिळा झालाय, जिथे स्वतःच्या लाखो लोकांना दोन वेळचं अन्न मिळत नाही, त्याच्यावर हा दबाव चालतो. म्हणजे निर्बंधांची ही वाट पॅलेस्टिनींना कैरो किंवा अम्मानला नेणार नाही, जिथे निदान भाषा, नातेवाईक, विद्यापीठं, दवाखाने आहेत. ती नेईल तर ज्या सरकारला नाही म्हणायची ताकद नाही त्याच्या दारात.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण इथे गैरसमज फार आहेत. आर्थिक दबाव टाकणं हे आपोआप बेकायदा ठरत नाही. १९८६ च्या निकाराग्वा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेच्या व्यापारबंदीला हस्तक्षेपबंदीच्या नियमाचा भंग मानलं नव्हतं. पण दबाव कशासाठी, हा मुद्दा उरतोच. चौथ्या जिनिव्हा कराराचं ४९ वं कलम व्याप्त, म्हणजे परक्या सैन्याच्या ताब्यातल्या, प्रदेशातल्या लोकांचं सक्तीचं स्थलांतर, एकेकट्याचं असो की समूहाचं, मनाई करतं. लढाईमुळे तात्पुरतं हलवावं लागलं तरी शक्यतो त्याच प्रदेशात हलवायचं आणि चकमकी थांबताच परत आणायचं. सक्ती म्हणजे दंडुका घेऊन मागे लागणं एवढंच नाही. पाणी, अन्न, छप्पर उरलं नाही म्हणून माणूस निघाला तर ती त्याची मोकळी निवड नाही, हे युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने स्पष्ट केलं आहे. जीव वाचवून आलेल्याला आसरा देणं गुन्हा नाही, उलट कर्तव्य आहे. पण लोकांना हुसकावण्याच्या योजनेचं पुढचं टोक म्हणून दुसऱ्या देशाला जबरदस्तीने उभं करणं वेगळं. तशा कृत्याला दुसऱ्या देशाला भाग पाडणाऱ्यावरही त्याची जबाबदारी येते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी बत्तीस देशांचे प्रतिनिधी जमले होते. ज्यू निर्वासितांबद्दल सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, दारं जवळपास कुणीच उघडली नाहीत. त्याची किंमत काय झाली हे जगाला माहीत आहे. मग मरणाऱ्या माणसाला ‘तू इथेच थांब, तुझा परतीचा हक्क शाबूत राहावा म्हणून’ असं सांगणं क्रूर नाही का? क्रूर आहे. गाझातून ज्याला बाहेर पडायचं आहे त्याला बाहेर पडता यायला हवं, आणि इजिप्तसकट प्रत्येक देशाने अशा माणसाला व्हिसा, काम, शाळा दिली पाहिजे. ऑक्टोबर २०२३ नंतर इजिप्तमध्ये एक लाखाच्या आसपास गाझावासी पोहोचले आणि त्यांतल्या अनेकांकडे राहण्याचा धड परवानाही नाही, याबद्दल कैरोला जाब विचारायला हवा. पण एव्हियाँत माणसांना घेण्याबद्दल बोलणी होती. निर्बंधवाल्या प्रस्तावात माणसं घेण्याइतकाच जागा रिकामी करण्याचा भाग आहे, आणि तो वेगळा केल्याशिवाय या दोन गोष्टींची तुलना होत नाही.

तो वेगळा कसा करायचा? परतीच्या कागदाने. इथे मला दुबईतला एक ग्राहक आठवतो. दहाएक वर्षांपूर्वी त्याच्या खात्याची केवायसी नव्याने करायची होती. सिव्हिल इंजिनिअर, बोलायला मृदू, फाइल नीट लावलेली. कुटुंब मूळचं गाझाचं, जन्म कुवेतमधला. त्याने पासपोर्ट म्हणून पुढे केलं ते इजिप्तने पॅलेस्टिनी निर्वासितांना दिलेलं प्रवासपत्र होतं. मी सवयीने आतला मजकूर वाचला. हे पत्र जवळ आहे म्हणून व्हिसाशिवाय इजिप्तमध्ये प्रवेश मिळणार नाही, असं त्यात नमूद होतं. ज्या देशाने कागद दिला तो देशही आत घेणार नव्हता. आमच्या सिस्टिममध्ये राष्ट्रीयत्वाचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता आणि जो पर्याय निवडावा त्यावर दुसऱ्या खात्यातून प्रश्न येत होता. चार आठवडे ते खातं अडकून राहिलं. पगार त्याच खात्यात यायचा. तो एकदाही आवाज चढवून बोलला नाही. एवढंच म्हणाला, की नोकरी बदलायची संधी दोनदा आली होती, पण मधले तीस दिवस व्हिसा नसेल तर जायचं कुठे म्हणून सोडून दिली. त्याच्या आजोबांनी १९४८ मध्ये गाव सोडलं तेव्हा तेही ‘तात्पुरतंच’ होतं. डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या १९४ क्रमांकाच्या ठरावात परत जाऊ इच्छिणाऱ्यांना लवकरात लवकर जाऊ द्यावं असं लिहिलेलं आहे. ते आजतागायत झालेलं नाही. जॉर्डनमध्ये १९६७ साली गाझाहून आलेल्यांची जेराशजवळची छावणी अजून ‘गाझा कॅम्प’ म्हणूनच ओळखली जाते आणि तिथल्या बहुतेकांना जॉर्डनचं नागरिकत्व नाही.

आपल्याकडचे लोक इथे हमखास उल्हासनगर काढतात. सिंधी आले, कल्याणच्या लष्करी छावणीत राहिले, उभे राहिले. मग हे का नाही? सिंधी समाजाच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्यांना आल्याबरोबर देश मिळाला, मत मिळालं, मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवले गेले आणि १९५४ च्या कायद्याने भरपाई देण्याची व्यवस्था झाली. पॅलेस्टिनींच्या गेलेल्या घराजमिनींच्या भरपाईचा असा हिशोब कुणी चुकता केलेला नाही, आणि आता निर्बंध घालून त्यांना घ्यायला लावायचं म्हणणाऱ्यांच्या बोलण्यातही तो कुठे नसतो.

निर्बंधांचा भार कुणावर पडतो, तेही जवळून पाहिलेलं सांगते. इराणवर निर्बंध असताना औषधांना अधिकृत सूट होती. तरी मुंबईच्या एका लहान निर्यातदाराचं डायलिसिसच्या साहित्याचं पेमेंट सहा महिने फिरत राहिलं, कारण मधल्या बँकेला जोखीम नको होती. परवाना होता, बिलं होती, रुग्णालयाचं पत्र होतं. मधली बँक कारण न देता परत पाठवायची. नियम मोडला नव्हता, फक्त भीती होती. जॉर्डनवर किंवा इजिप्तवर असे निर्बंध आले तर हीच भीती अम्मानमधून गाझाला जाणाऱ्या पिठाच्या, औषधांच्या, तंबूंच्या पेमेंटवर बसेल, कारण गाझाची बरीचशी मदत याच दोन देशांतून जाते. ज्यांच्यासाठी म्हणून हे करायचं, पहिली झळ त्यांनाच लागेल.

मग निर्बंधांना इथे काहीच काम नाही का? आहे, पण पत्ता वेगळा आहे. जो हुसकावतो त्याच्यावर ते लावता येतात आणि लावलेही गेले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये बायडेन यांनी वेस्ट बँकेत हिंसा करणाऱ्या इस्रायली वसाहतवाल्यांवर निर्बंधांचा आदेश काढला. ट्रम्प यांनी पदभार घेतला त्याच दिवशी तो रद्द केला. १० जून २०२५ ला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नॉर्वे यांनी बेन-ग्वीर आणि स्मोट्रिच या इस्रायली मंत्र्यांवर निर्बंध घातले. अशा याद्यांचा परिणाम आम्हाला लगेच दिसतो: खातं गोठतं, कर्ज अडतं, वर्गणी पोहोचत नाही. मागणीही साधी असते, हे करणं थांबवा. आणि ती पूर्ण करणं त्या माणसाच्या हातात असतं.

दुसरी जागा आहे ती बाहेर पडण्याच्या दाराशी. सप्टेंबर २०२५ अखेरीस आलेल्या ट्रम्प यांच्याच वीस कलमी योजनेत कुणालाही गाझा सोडायला भाग पाडणार नाही, जाणाऱ्याला जायची आणि परतायची मोकळीक राहील, असं लिहिलं आहे. नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने त्या योजनेला पाठिंबा दिला. त्याच महिन्यात १५३ पॅलेस्टिनींना घेऊन एक विमान जोहान्सबर्गला उतरलं. त्यांच्या पासपोर्टवर इस्रायलमधून बाहेर पडल्याचा शिक्का नव्हता. बारा तासांच्या आसपास त्यांना विमानातच बसवून ठेवलं होतं. माझ्या कामात आम्ही पासपोर्ट हातात आला की आधी शिक्के बघतो. शिक्का नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे उद्या हा माणूस इथून गेला होता, त्याला परत यायचं आहे, हे सिद्ध करायला कागद नाही. उपचारांसाठी बाहेर जाण्याची वाट बघणारे पंधरा हजारांहून अधिक रुग्ण २०२५ च्या अखेरीस गाझात होते. त्यांना आणि बरोबर जाणाऱ्या आईबापांना बाहेर पडताना परतीचा हक्क लिहिलेला आणि नोंदवलेला कागद मिळावा, यासाठी ज्याला दबाव टाकायचा आहे त्याने टाकावा. तो कागद द्यायचा की नाही हे जेरुसलेममध्ये ठरतं, कैरोत किंवा अम्मानमध्ये नाही.